सील फाटलं होतं

लहानूने गोणपाटात गुंडाळून आणलेली करवत
ओट्यावर ठेवली,
चपला बाहेर काढून आला होता तरी
उंबऱ्याच्या आत येईना.
"जोरात ओरडली, मामा. मग गप्प."

कोपरखैरण्याच्या बैठ्या चाळीत माझं वर्कशॉप म्हणजे
मोरी आणि गॅस यांच्यामधली साडेतीन फूट जागा.
रबाळ्याची कंपनी बंद पडली तेव्हा हिशेबाच्या पैशातून
एक व्हाइस घेतला,
तो अजून धरलेलं सोडत नाही.
बाकी सगळं उसनं.
पोळपाट कुंदाचा, त्यावर क्रँककेस.
नाडी हर्षदाच्या परकराची:
प्लगच्या भोकातून आत सोडायची, पिस्टन अडतो,
मग क्लच सुटतो, उलट्या आट्याने.
परकर सात वर्षं नाडीवाचून आहे,
पोरगी बारावीला गेली.

चार स्क्रू.
सिलिंडर वर ओढला.

सायलेन्सरच्या अंगाला तेवढे ओरखडे असते
तर म्हटलं असतं, कुठूनतरी हवा ओढतेय, तापली बिचारी.
इथे चारी अंगांनी,
मांजराने दार ओरबाडावं तसे.
रिंगा खाचेत चिकटलेल्या.
टाकीत बोट बुडवून नाकाशी नेलं, मग चोळून पाहिलं.
कोरडं पेट्रोल.
ऑइलचा थेंब नाही.

लहानू पिस्टनकडे बघतच नव्हता.
माझ्या बोटांकडे बघत होता.
"बाटली बुधवारीच संपली," म्हणाला,
"पागधरे शेठ बोलले, आजचा दिस भागव.
गुलमोर रस्त्यात आडवा, साहेब गाडीत बसलेला."

संडास धुवायचं ऍसिड, कापसाचा बोळा.
भिंतीला चिकटलेलं ॲल्युमिनियम फसफसत सुटतं
आणि खालचा मुलामा तसाच निघतो, चकचकीत.
कुंदा खिडकी उघडते, काही बोलत नाही,
पदर मात्र नाकाला लावते, मला दिसेल असा.

नवा पिस्टन बसवताना सर्क्लिप उडाली.
एवढीशी. नखाच्या कोरीएवढी.
घरादाराने जमिनीला गाल लावून शोधली,
लहानूनेही, तेव्हा कुठे तो आत आला.
नाही सापडली. दुसरी घातली.

दोरीची मूठ धरून करवत लोंबकळत ठेवली.
दम नसता तर सर्रकन खाली आली असती.
ही आली थांबत थांबत,
पोटुशी बाई जिना उतरते तशी.

तेवढ्यात पागधरेंचा फोन.
"मिस्तरी, चूक कोणाची तेवढं लिहा.
लहानूची असेल तर मी त्याच्या हाजरीतून कापतो."

बिल कुणाच्या नावावर फाडायचं, एवढाच प्रश्न होता.
लिहिलं: क्रँकचं सील फाटलं. मशीन जुनं. पिस्टन, रिंगा, सील, मजुरी.
मग पेन ठेवून बसलो थोडा वेळ.
अठ्ठावीस वर्षांत खोटं बिल दिलेलं नाही.
म्हणून बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला
आणि त्या चांगल्या सीलचा ओठ
एका जागी फाडला.
नव्वद रुपयांचं नवं सील, माझ्या खिशातून.

संध्याकाळी शेठ स्वतः आले.
जुनं सील उजेडात फिरवून फिरवून पाहिलं.
"चांगलंच फाटलंय की," म्हणाले,
आणि मजुरीत पन्नास कमी दिले.
मी म्हटलं, यापुढे ऑइल जरा जास्त टाकायला सांगा,
जुन्या मशीनला लागतं.
त्यांनी मान हलवली. लहानूने नाही.

दोरी दोनदा ओढली, तिसऱ्यांदा ती पेटली.
शेजारच्या सुर्वेकाकांनी भिंत वाजवली,
निळा धूर भाजीच्या फोडणीत मिसळला.

तिसऱ्या दिवशी सर्क्लिप सापडली.
पिठाच्या डब्यात.
कुंदाने ती माझ्या ताटात
मिठाशेजारी वाढली.